थर्मामीटर बरोबर होता

बाजारातले वजनकाटे दुरुस्त करणारे हे गृहस्थ काट्यावर विश्वास ठेवत. माणसांवर जरा जपूनच. मूत्रपिंडं निकामी होऊन आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी दवाखान्याचा वजनकाटा तपासला. दोनशे ग्रॅमने खोटा निघाला. तेव्हापासून तिथे त्यांना रोग्यापेक्षा थोडा जास्त मान होता.

एका रविवारी सकाळी त्यांना हुडहुडी भरली. डायलिसिसची नळी मानेपाशी आत जाते तिथे ठसठसत होतं.

“दवाखान्यात चला,” बायको म्हणाली.

“ताप कुठाय? साडेसत्त्याण्णव.”

“थर्मामीटर बिघडला असेल.”

हे वर्मी लागलं. दुकानातला प्रमाणित थर्मामीटर आणून त्यांनी दोन्ही कोमट पाण्यात बुडवले आणि अर्धा तास पडताळणी केली. आकडे तंतोतंत जुळले.

“बघ. ठणठणीत.”

“थर्मामीटर ठणठणीत आहे हो! तुमचं काय? एकतीस वर्षांत चहाला कधी नको म्हणालात? आज म्हणालात!”

“उद्या डायलिसिस आहेच. तेव्हा दाखवू.”

“उद्याचं उद्या. उठा आधी.”

वाद घालायला त्राण नव्हतं, म्हणून ते गेले. नर्सने नळीची जागा पाहिली आणि लगेच तपासणीसाठी रक्त घेतलं. यांनी थर्मामीटरच्या पडताळणीचे आकडे लिहिलेला कागद पुढे केला.

“काका, आकडा खराच आहे. पण किडनी इतकी बिघडली की रक्तात घाण साचते आणि पांढऱ्या पेशी मंदावतात. जंतू शिरले तरी अंग धड बोंब मारत नाही. म्हणून तर तुम्हाला काविळीची लस दुप्पट द्यावी लागली, साध्या मात्रेला अंग दाद देत नाही. ताप नाही म्हणजे जंतू नाहीत, हे तुमच्या बाबतीत धरायचं नाही.”

रक्तात जंतू निघाले. नळी काढली, सलाईनमधून औषधं सुरू झाली, दोन दिवसांनी दुसऱ्या बाजूला नवी नळी बसली. “एक दिवस उशिरा आला असतात तर...” एवढंच म्हणून डॉक्टर थांबले. वाक्य पुरं करायचा आग्रह कुणी धरला नाही.

घरी आल्यावर महिन्याभराने बायकोने सहज विचारलं, “कसं वाटतंय?”

एरवी उत्तर ठरलेलं असे : मला काय धाड भरलीय? आज त्यांनी थर्मामीटरकडे पाहिलंही नाही.

“कसंतरीच होतंय. सांगता येत नाही.”

आकडा नाही, पुरावा नाही. ती गाडी बोलावायला निघाली, तेही मुकाट्याने मागोमाग. त्या दिवशी तपासणीत काहीच निघालं नाही. आलात ते बरं केलंत, म्हणून नर्सने परत पाठवलं.