खिंडीतली हजेरी

शालिनीमावशी कुणाचं बोलणं मध्येच तोडत नाही. ती ते लिहून घेते. हे जास्त वाईट.

चौतीस वर्षं ती दिल्लीत एका मंत्रालयात स्टेनो आहे. साहेब बोलतात, ती शॉर्टहँडमध्ये उतरवते आणि मग वाचून दाखवते, विरामचिन्हांसकट. सवय इतकी मुरलीय की घरीही तसंच चालतं. "केतकी कॉमा चहा गार होतोय फुलस्टॉप." मी तिची नक्कल करते हे तिला माहीत आहे. एकदा तिने पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाली, मी फुलस्टॉपनंतर श्वास घेते, तू आधी घेतेस.

ती सख्खी मावशी नाही. ती भंडाऱ्याची खोब्रागडे. परीक्षा पास होऊन आईला, म्हणजे गंगुबाई आजीला, घेऊन दिल्लीला आली आणि करोल बागेत एका बिल्डिंगमध्ये राहिली. गच्चीवरच्या खोलीत पुण्याहून आलेली दोन पोरं राहायची, माझे बाबा अशोक आणि राजीवकाका. आजीने दोघांना झुणका-भाकर खाऊ घातली आणि दोघांचा उद्धारही केला. तेव्हापासून दर वर्षी दसरा आणि दिवाळीच्या मध्ये, दिल्लीवर धूर उतरायच्या आत, ही तिघं पाठीवर सॅक टाकून गढवालच्या डोंगरात पाच-सहा दिवस चालतात. जाण्याआधी करोल बागेत बैठक होते. प्रत्येक खिंडीत पोचल्यावर मावशी वहीत हजेरी घेते. पंचवीस वर्षांच्या पंचवीस वह्या तिच्या कपाटावर आहेत.

त्यात एक खिंड राहिलीय, पहिल्याच वर्षीची. माथा दोन तासांवर असताना बाबांचं डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या, आणि तिघंही माघारी फिरले. यंदा मावशी अठ्ठावन्नची झाली. जानेवारीत तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि डॉक्टरांनी सांगितलंय की त्यानंतर ओझं घेऊन उंचावर जायचं नाही. म्हणून बैठकीत ती एवढंच म्हणाली की यंदा तीच खिंड. दहावी झाल्यामुळे मलाही नेलं.

पहिल्या दिवशी बांजाच्या, म्हणजे तिकडच्या ओकच्या, जंगलातून चाललो तेव्हा सगळे गोड होते. दुसऱ्या दिवशी झाडं संपली, पिवळं वाळलेलं गवत सुरू झालं, आणि गोडीही संपली. बाबा गुरुग्रामच्या एका कंपनीत चाळीस लोकांचे साहेब आहेत. मनगटावरचं घड्याळ त्यांना पावलं, ठोके आणि उंची सांगतं, आणि ते आम्हाला सांगतात. शालू, आपला पेस ड्रॉप होतोय. शालू, ब्रेक पाच मिनिटांचा ठरला होता, आपण अकराव्या मिनिटाला आहोत. राजीवकाका नोएडात बातम्यांच्या चॅनलवर आहेत, त्यांना साधं वाक्य येतच नाही. ते मागे वळून जाहीर करायचे की आत्ताची मोठी बातमी, शालिनी खोब्रागडे अजूनही त्याच दगडावर.

मावशी दगडावर बसून म्हणायची, राजीव, तुझं पोट माझ्या आधी वळणावर पोचतं, त्याच्याशी बोल.

तिसऱ्या दिवशी कुणी चेष्टाही करेना. मावशीमुळे तळावर पोचायला चार वाजले. पाण्याच्या कडेला बर्फाची काच धरली होती, तंबूच्या दोऱ्या ताठ झाल्या होत्या. बाबांनी तिचा तंबू लावला, पण असा, की प्रत्येक खुंटी तिच्याच डोक्यात ठोकतायत. राजीवकाकांनी तिच्या हातात सूपचा मग दिला नाही, समोरच्या दगडावर ठेवला. तिने तो उचलला नाही. सूप गार झालं, मी प्यायले.

मग बाबा मीटिंगच्या आवाजात बोलायला लागले. हा आवाज मला फार छान येतो. आधी समोरच्याचं कौतुक, मग "बट". शालू, तू इथवर आलीस, रिस्पेक्ट. बट सोमवारी आम्हाला ऑफिस आहे. उद्या तिने बलबीरभाईंबरोबर खाली गावात जावं, आम्ही हरीशबरोबर खिंड पार करून पलीकडे उतरू. बलबीर आणि हरीश हे आमचे वाटाडे, दोघे भाऊ. मला कुणी विचारलं नाही.

मावशी म्हणाली, "मी खिंडीत जाणार आहे."

बाबा म्हणाले, हे पर्सनल नाही, जो मागे पडेल तो परत जाईल असं बैठकीतच ठरलं होतं.

"असं ठरलं नव्हतं."

"ठरलं होतं, यार," राजीवकाका म्हणाले. "वाच ना तुझी वही. होऊन जाऊ दे दूध का दूध."

मावशीने सॅकमधून वही काढली, चष्मा लावला आणि पान शोधलं. मग साहेबांना वाचून दाखवते त्या आवाजात, म्हणजे कुठल्याच आवाजात नाही, तिने वाचलं. "अशोक कोलन वयाप्रमाणे वेग कमी होणारच कॉमा पण टीम म्हणजे टीम फुलस्टॉप चौघं वर जाणार कॉमा चौघं उतरणार फुलस्टॉप."

बाबांची मान जॅकेटमध्ये गेली.

ती इथे वही मिटू शकत होती. त्या डोंगरावरच काय, आमच्या ओळखीत कुणालाच तिचं शॉर्टहँड वाचता येत नाही. मी प्रयत्न केलाय, शाईत पाय बुडवून मुंग्या फिरल्यासारखं दिसतं. पण तिने पान उलटलं.

"शालिनी कोलन मी मागे पडले तर मला सोडून पुढे जा कॉमा माझ्यासाठी थांबू नका फुलस्टॉप."

राजीवकाकांनी टाळी वाजवली. "बस. विषय संपला. तुझ्याच तोंडचं आहे."

"संपला," मावशी म्हणाली. "मला सोडून पुढे जायचं, तुम्ही जा. मला खाली पाठवायचं असं कुणी म्हटलेलं नाही."

बाबा ताडकन उठले. ही काय सरकारी फाईल आहे का, वर गुडघा गेला तर तुला उचलणार कोण, सगळ्यांना वेठीला धरतेस, असं बरंच म्हणाले. ती लिहीत होती. त्यामुळे ते जास्त चिडले.

निर्णय बलबीरने दिला. त्याने तिला चढावर दहा पावलं चालवलं, उतारावर दहा, मग आभाळाकडे पाहिलं. म्हणाला, "दीदी धीरे चलेंगी। मौसम साफ है। दो बजे तक ऊपर नहीं पहुँचीं, तो जहाँ हैं वहीं से वापस। मैं बहस नहीं करूँगा।"

"दोन वाजता," मावशी म्हणाली आणि तेही लिहिलं.

झोपण्याआधी मी तिला विचारलं, तुझं वाक्य वाचलंसच कशाला? नसतं वाचलं तर कुणाला कळणार होतं?

"लिहिलंय ते वाचायचं. सोयीचं तेवढंच वाचायला मी काय साहेब आहे?"

सकाळी बाबा, काका आणि हरीश आमच्या पुढे निघाले. बाबांनी मला हाक मारली. मी बुटाची नाडी बांधत राहिले. नाडी आधीच बांधलेली होती.

खिंडीखाली नुसते सुटे दगड आहेत, पाऊल टाकलं की अर्धं मागे येतं. मावशी काठी टेकवायची, डावा पाय वर, मग उजवा ओढून त्याच्याशेजारी. वीस पावलं झाली की उभी राहायची. बसली नाही, बसले तर उठणार नाही म्हणाली. अकराच्या सुमाराला वर माथ्यावर तीन ठिपके दिसले. ते थोडा वेळ थांबले आणि पलीकडे नाहीसे झाले. मावशीने पाहिलं आणि पुन्हा काठी टेकवली. बारा वाजता तिचे ओठ पांढरे होते. एक वाजता तिने वीसऐवजी दहा पावलं मोजायला सुरुवात केली. दीडला बलबीरने घड्याळ पाहिलं, आणि तिने त्याचं बघणं पाहिलं.

"किती?"

"तीस मिनट, दीदी।"

तिने सॅक उतरवून त्याच्या हातात दिली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. वही तेवढी काढून जॅकेटच्या आत घातली.

दोनला आठ मिनिटं कमी असताना आम्ही खिंडीत उभे होतो. वारा असा, की माझ्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे वाहत होतं. दगडांची एक रास, तिच्यावर फाटक्या पताका, आणि खाली राजीवकाकांच्या संत्र्याची सालं. मावशीने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि हजेरी घेतली. आमची नावं मोठ्याने पुकारली. बलबीरने शाळेतल्यासारखं "हाज़िर" म्हटलं.

पलीकडच्या तळावर पोचलो तेव्हा उजेड जात होता. दोन्ही तंबू उभे होते आणि खिचडी शिजत होती. बाबांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग तिला ताट दिलं. हातात दिलं.

"आलीस."

ती जेवायला बसली. मध्येच डाव्या हाताने वही उघडून तिने हजेरी वाचली. उपस्थित शालिनी कॉमा केतकी कॉमा बलबीर फुलस्टॉप. अनुपस्थित अशोक कॉमा राजीव कॉमा हरीश फुलस्टॉप.

"अगं, आम्ही अकराला होतो तिथे," बाबा म्हणाले. "फोटो आहेत."

"असतील. मी समोर पाहिलं तेवढंच लिहिते."

"म्हणजे तुझ्या वहीत ही खिंड माझी झालेलीच नाही?"

"नाही," मावशी म्हणाली आणि खिचडीवर मीठ घेतलं. "दोनदा."