दुसऱ्याच्या नावावर छापलेली बहीण

बिराजदार सर गेल्याची बातमी मला आमच्या निवृत्त सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. सकाळचा चहा गाळत होते. सरांच्या पुतण्याने दोनच ओळी टाकल्या होत्या, काका झोपेतच गेले, माती दुपारी गावाकडे आहे. त्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली. मग एक लांबलचक मजकूर आला. तो ज्याने टाकला त्याचं नाव मी घेणार नाही. त्याला नुसतं ‘डॉक्टर’ म्हणू, कारण त्याला तसं म्हणवून घ्यायला फार आवडतं. ‘गणितासारखा रुक्ष विषय हसत-खेळत शिकवणारा ज्ञानयोगी हरपला’ अशी सुरुवात होती. बिराजदार सरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. गेल्या वर्षी आमच्या कॉलेजातले गणिताचे एक सर वारले, तेव्हा याच डॉक्टरने हाच मजकूर टाकला होता. आता फक्त वरचं नाव बदललं होतं. आणि त्याखाली पन्नास जणांनी हात जोडले! एकाच्याही डोळ्यांना ते गणित खुपलं नाही. तौबा! मी फोन ओट्यावर आपटला आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले. रडू नंतर आलं. आधी आली ती शिसारी.

मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. आमचं घराणं पुस्तकबांधणीचं. अब्बा पुस्तकं बांधायचे, आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उमटवण्याआधी गिऱ्हाइकाला हमखास विचारायचे, ‘नाम किसका डालूँ?’ माझ्यासाठी तो प्रश्न लहानपणापासून रोजचा होता. कॉलेजात रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात बिराजदार सर पुस्तक बदलायला आले. मी म्हटलं, ‘सर, हे पुस्तक फार चांगलं आहे म्हणे.’ त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘वाचलंत का ऐकलंत?’ मी ओशाळले. पुढे कळलं की ही त्यांची सवयच आहे. वर्गात एखाद्या पोराने नदीबद्दल काही सांगितलं की सर लगेच, ‘बघितलं का ऐकलं?’ ऐकलं असेल तर कुणाकडून ते सांगायचं. बघितलं असेल तर कुठून, कधी ते सांगायचं. पोरं मागून त्यांच्या नकला करायची. मला मात्र ते ‘आपा’, म्हणजे ताई, म्हणायला लागले ते कायमचेच.

ते मूळचे लातूर जिल्ह्यातले, औशाकडचे. नोकरीला लागून फार वर्षं झाली नव्हती, तेव्हा भूकंप झाला. गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, आणि पहाटे… त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय, मी काय सांगू. सरांची थोरली बहीण तिकडच्याच एका पडलेल्या गावात दिली होती. लोक तिला गंगाअक्का म्हणतात. गाय हंबरते म्हणून अक्का गोठ्याकडे गेली आणि मागे घर बसलं. आत नवरा, दोन लेकरं आणि त्या वेळी राहायला आलेली आई होती. सर नांदेडहून मिळेल त्या गाडीने गेले आणि मिलिटरी यायच्या आधी हातांनी दगड उपसत बसले. परत आले तेव्हा त्यांच्या बोटांना नखं नव्हती. रजिस्टरवर सही करताना पेन धरता येईना, म्हणून मी त्यांची पुस्तकं माझ्या नावावर लिहून घेतली. ते एवढंच म्हणाले, ‘आपा, अक्का घरात यायला तयार नाही.’

अक्का घरात गेलीच नाही. सरकारने नवं गाव वसवून दिलं, ओळीने पक्की घरं, वर सिमेंटचा स्लॅब. अक्काने त्या घरात कडबा भरला, पोती रचली, आणि स्वतः अंगणात पत्र्याची शेड टाकून बाजेवर झोपायला लागली. सरांच्या लक्षात आलं की अर्धं गाव हेच करतंय. तिथून त्यांच्या संशोधनाला सुरुवात झाली. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ते गावोगाव जायचे. सर्व्हेचा कागद घेऊन दारात उभं राहायचं आणि ‘घर पसंत आहे का?’ विचारून निघायचं, हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. ‘आपा, दिवसा सगळे हाव म्हणतेत. माणूस झोपतंय कुठं ते मुक्काम केल्याबिगर कळत न्हाई.’ म्हणून ते ज्याच्या घराबद्दल लिहायचं त्याच्या अंगणात एक रात्र मुक्कामच करायचे. कुणी दार फोडून दुसरीकडे काढलं, कुणी स्लॅबखाली फक्त देव मांडले, कोणत्या वर्षी कोणत्या घरातली म्हातारी पहिल्यांदा आत झोपली, हे सगळं ते टिपायचे. इंग्रजी त्यांचं ओबडधोबड. शब्दकोश घेऊन माझ्या टेबलासमोर बसायचे. छापायला कधी देणार, असं विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘अजून एक उन्हाळा बघून येतो.’ मी चिडायचे. आता त्या चिडण्याचं वाईट वाटतं, कारण माणूस शांतपणे खरं काम करत होता. असे किती जण असतात?

याच काळात तिकडे लातूरला क्लासचं पीक आलं. पोरं-पोरी सगळ्या महाराष्ट्रातून यायला लागली. गल्लीगल्लीत हॉस्टेल, मेस आणि झेरॉक्सची दुकानं. तिथे एका क्लासच्या नोट्स दुसऱ्या क्लासात पोचायला अर्धा दिवस पुरायचा. वरचं पान फाडायचं, आपल्या क्लासचं पान लावायचं, झालं. चोरी असं त्याला कुणी म्हणायचंच नाही. हा डॉक्टर त्याच शाळेत शिकला. मूळचा हदगावचा, आधी आमच्याकडे सरांच्या हाताखाली तासिका तत्त्वावर होता. गोड बोलणारा, वाकून नमस्कार करणारा. सरांकडून ‘नुसतं वाचायला’ म्हणून त्याने त्यांचं सगळं टंकलेलं काम पेनड्राइव्हवर घेतलं आणि लातूरला जाऊन क्लास काढला. पुढे त्याने ‘आंतरराष्ट्रीय’ शोधपत्रिका काढली. तिचं ऑफिस क्लासच्या वरच्या खोलीत! संपादक तोच, परीक्षक त्याचेच मित्र. बढतीसाठी ज्याला ज्याला छापील लेख हवा, तो तो तिथे जायचा. मी ते अंक बघितलेत. लेखातला मजकूर एकीकडचा आणि नकाशे तिसरीकडचे. एका लेखात तर ‘वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ असं होतं आणि आकृतीच नव्हती. आणि हे विकत घ्यायला माझ्यावर दबाव! मी ते अंक कपाटाच्या मागे टाकून द्यायचे.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली तेव्हा सरांनी एकदाचा पीएच.डी.चा प्रबंध लिहून पुरा केला. तोवर नियम आला होता, प्रबंध आधी संगणकावर तपासायचा, किती मजकूर दुसऱ्याचा आहे ते बघायचं. ते काम ग्रंथपालाचं. मला मनापासून आनंद झाला होता. म्हटलं, चला, आता चोरांचे धंदे बंद. सरांचा प्रबंध मी स्वतः मशीनला लावला. ते समोर बसून चहा पीत होते. अहवाल उघडला. मधलं सगळं प्रकरण लाल. ओळीच्या ओळी, पानंच्या पानं लाल, आणि मूळ स्रोत म्हणून नाव होतं डॉक्टरचं. त्याच्या त्या पत्रिकेत हे सगळं आधीच छापून इंटरनेटवर गेलेलं होतं.

आम्ही दोघांनी तो लेख उघडला. एक शब्द बदललेला नव्हता. सरांचं ओबडधोबड इंग्रजीसुद्धा जसंच्या तसं. सर खाली खाली जात होते, आणि एका जागी थांबले. तिथे त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं वाक्य होतं. मी मराठीत सांगते. ‘माझी थोरली बहीण त्या पहाटेपासून एकदाही पक्क्या छताखाली झोपलेली नाही. तिची दोन मुलं मी माझ्या हातांनी बाहेर काढली.’ डॉक्टरच्या नावाखाली हे छापलेलं होतं! माझी बहीण, माझ्या हातांनी… हदगावात भूकंपात वीटसुद्धा पडली नाही, आणि हा आईबापांचा एकुलता एक. अरे नालायका, चोरतानाही एकदा वाचावं तरी! माणूस पैसा चोरतो, कल्पना चोरतो. दुसऱ्याच्या मेलेल्या लेकरांवर हक्क सांगणारा मी तोवर बघितला नव्हता. सरांनी चष्मा काढला. पुसला. मग म्हणाले, ‘आपा, ह्यानं बघितलं तर न्हाईच. ह्यानं ऐकलं सुद्धा न्हाई.’

सरांनी तक्रार केली. संशोधन केंद्राने समिती नेमली. अहवाल समजावून सांगायला मलाही बोलावलं होतं. डॉक्टर आला तो परफ्यूमचा वास घेऊन, सगळ्यांच्या पाया पडला, सरांच्याही. अध्यक्ष म्हणाले, ‘बिराजदार, तुम्ही आधी लिहिलं असेल. पण छापलं कुणी आधी? छापील पुरावा आहे का?’ सरांनी एकच प्रश्न विचारला. डॉक्टरकडे वळून, अगदी शांतपणे, ‘तुमच्या बहिणीचं नाव काय?’ डॉक्टर हसला. ‘सर, ते उदाहरण आहे. केस स्टडी असते ना, तसं.’ आणि समितीतले लोकही हसले! मी उठून म्हणाले, ‘साहेब, ती बाई जिवंत आहे. लातूरहून सकाळच्या बसने बोलावून घेऊ, विचारा तिला.’ अध्यक्षांनी मला हाताने बसवलं. ‘मॅडम, ताणू नका. दोघंही आपलीच माणसं.’ मग तोडगा निघाला. सरांनी लिहून द्यायचं की साम्य अनवधानाने झालं. शब्द थोडे फिरवायचे, म्हणजे लाल रंग कमी होईल. आणि बहिणीच्या त्या वाक्याखाली डॉक्टरच्या लेखाचा संदर्भ द्यायचा. मग प्रबंध लगेच मंजूर.

सर उठले. म्हणाले, ‘माझ्या अक्काबद्दल लिहायला मी ह्याचा संदर्भ देऊ?’ आणि प्रबंध बगलेत मारून निघाले. जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, ‘सर, एक वाक्य आहे. काढून टाका. बाकी काम तरी वाचेल.’ ते म्हणाले, ‘आपा, त्या वाक्यासाठीच तर बाकीचं लिहिलंय.’ प्रबंध त्यांनी पुन्हा कुठेच दिला नाही. नावामागे ‘डॉक्टर’ न लागता निवृत्त झाले. निरोप समारंभाला प्रमुख पाहुणा कोण होता ते सांगू का? नको. तुम्हाला कळलंच असेल. त्या दिवशीची भजी मला गिळवली नाहीत. या लोकांना लाज वाटत नाही असं आपण म्हणतो, पण लाज वाटायला आधी आपलं आणि दुसऱ्याचं वेगळं आहे हे तरी कळावं लागतं.

माती झाल्यावर काही दिवसांनी मी अक्कांना भेटायला गेले. नांदेडहून लोह्यामार्गे लातूर, तिथून पुढे दुसरी बस. सरांच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलेलं गाव पहिल्यांदा बघत होते. ओळीतली घरं, अंगणातल्या पत्र्याच्या शेडी, सगळं त्यांनी लिहिलं होतं तसंच. अक्का अंगणातच होत्या. वाळलेल्या, पण ताठ. माझा हात धरून म्हणाल्या, ‘तुमी आपा. आमचा मधू लई सांगायचा.’ आम्ही रडलो. मग त्यांनीच विषय काढला. ‘माझ्या भावाला कशाचा घोर हुता? दोन-तीन वरसं लई गप गप असायचा. कुणी सांगत न्हाई.’

मी सांगितलं. त्यांना कळेल असं, काही न लपवता. एका माणसाने सरांचं लिखाण आपल्या नावावर छापलं, त्यात तुमच्याबद्दलही होतं.

‘माझं काय लिवलंय त्येनं?’

‘माझी थोरली बहीण, असं.’

‘म्हंजी मी त्येची बहीण?’

‘कागदावर तसंच आहे.’

‘मंग राखीला कवा आला न्हाई त्यो,’ त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. ‘लेकरं काढायला आला न्हाई. मधूच्या मातीला बी आला न्हाई. कसला भाऊ हाय त्यो?’

एवढी शिकलेली समिती बसली होती, कुणाला हा प्रश्न सुचला नव्हता. अक्का चहा ठेवायला उठल्या. स्टोव्ह शेडमध्येच होता. प्रवासाने माझी कंबर धरली होती. शेडमध्ये दोन बाजा होत्या. एकीवर अक्कांचं गोधडं पसरलेलं. दुसरीवर वाकळ नीट घडी घालून ठेवलेली, उशीवर चष्म्याचं रिकामं घर. मी त्या दुसऱ्या बाजेवर टेकायला गेले.

‘तिथं नगं आपा,’ अक्का स्टोव्हपासूनच म्हणाल्या. ‘ती मधूची हाय.’

मी खाली जमिनीवर बसले.