भोपाळला कफ द्यायला गेले, त्याची गोष्ट

भोपाळला लोक तलाव बघायला जातात. मी कफ द्यायला गेले. हसू नका, खरंच सांगतेय. रजा टाकून, तिकीट काढून, नागपूरहून भोपाळला स्वतःचा बेडका पोहोचवायला गेले, आणि आजवर केलेल्या प्रवासांत याच्याइतका कामी आलेला दुसरा नाही.

आधी थोडं माझ्याबद्दल. मला सिस्टिक फायब्रोसिस आहे. जनुकातला जन्मजात दोष. फुप्फुसात गोंदासारखा कफ साठतो आणि तो रोज दोन वेळा काढावा लागतो. मिठाच्या पाण्याची वाफ घ्यायची, मग नितीन, म्हणजे माझा नवरा, पाठीवर ओंजळीने थापट्या मारतो, मग मी खोकते. नव्या गोळ्या निघाल्यात, पण माझ्या दोषावर त्या चालत नाहीत. बाथरूममध्ये नळ सोडून खोकायची सवय मला शाळेपासूनची. बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आता मी स्वतः शाळेत गणित शिकवते आणि वर्गात खोकला आला की फळ्याकडे तोंड करून उगाच काहीतरी पुसत बसते.

माझ्या डॉक्टरांनी एक दिवस सांगितलं की भोपाळच्या एका प्रयोगशाळेला अशा पेशंटचा ताजा कफ हवा आहे. कुरिअरने चालत नाही, माणूसच पाहिजे. नितीन म्हणाला, "बघ, ज्याला सगळे नाक मुरडतात ते कुणीतरी मागून घेतंय." मग काय, निघालो.

जाणार असाल तर दिवसाची गाडी पकडा. बैतूलच्या पुढे सातपुड्याचे बोगदे आणि सागाचं जंगल लागतं, इटारसीनंतर नर्मदेचा पूल येतो, तेव्हा दाराशी जाऊन उभं राहावं. डब्यात मी खोकले तशी समोरच्या बाईंनी पदर नाकाला लावला. टीबी नाही हो, असं मी सवयीने सांगून टाकलं. त्यांचा काही विश्वास बसला नाही. शाहपुऱ्याकडे राहणार असाल तर राणी कमलापती स्टेशनला उतरा, रिक्षाचे पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात.

आम्ही नितीनच्या आत्याकडे उतरलो. आत्यांचे यजमान इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. ते गेले, पण आत्या भोपाळ सोडून कुठे जात नाहीत. चाळीस वर्षांत त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मुरलीय की वेगळी काढता येणार नाही. तळ्याकाठच्या त्यांच्या गच्चीवर पहिला चहा प्यायले आणि चकित झाले. चहात चिमूटभर मीठ! इथल्या जुन्या शहरात असाच पितात म्हणे. माझ्या घामातून मीठ जरा जास्तच जातं, त्यामुळे डॉक्टर मीठ खा म्हणून मागे लागलेले असतात. मी तीन कप प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक मोठा गाढवपणा केला, पण तेव्हा तो मला शहाणपणा वाटत होता. एवढ्या शिकलेल्या लोकांत जायचं, तिथे खोऽखो करत बसायचं का? पाहुणा म्हणून जाताना माणूस स्वच्छ आंघोळ करून जातो तशी मी दुप्पट वेळ वाफ घेतली, नितीनकडून दुप्पट थापट्या मारून घेतल्या, नळ सोडून छाती अगदी रिकामी केली. मग पोहे-जिलबी खाल्ली आणि छान साडी नेसून प्रयोगशाळेत हजर झाले.

तिथे मृणाल भेटली. उज्जैनची, मराठी घरातली, तिशीही ओलांडलेली नसेल. माझ्याकडून संमतीपत्रावर सह्या घेतल्यावर तिने काम समजावून सांगितलं. चांगल्या जनुकाची प्रत पेशीत पोहोचवायची आहे. एरवी त्यासाठी विषाणूचं कवच वापरतात, पण शरीराने त्याला एकदा ओळखलं की पुढच्या वेळी ते टिकू देत नाही. फुप्फुसातल्या पेशी बदलत राहतात, म्हणून औषध पुन्हापुन्हा द्यावं लागणार. म्हणून ही मंडळी विषाणूऐवजी चरबीच्या इवल्याशा कणांत जनुक बांधून पाठवतात. पण ते कण वाटेतल्या कफातच चिकटून बसतात. तिने कणांना नवं आवरण चढवलं होतं आणि ते कण कफातून पार होतात की नाही, हे माझ्या कफात बघायचं होतं.

शेजारच्या टेबलावर हृदयाचं काम चालतं. बशीतल्या हृदयाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धडधडताना दिसल्या, मी बघतच राहिले. तिथली अडचण वेगळी, रक्तातून सोडलेले कण हृदयाकडे जायचे सोडून बरेचसे यकृतात जाऊन बसतात. माझा एक मामा पण असाच, निघायचा बँकेत आणि सापडायचा पानाच्या टपरीवर.

मग मला एक डबी दिली. मी खोकले. पुन्हा खोकले. अर्धा तास झाला, डोळ्यांत पाणी आलं, डबीत नुसती थुंकी.

मृणालने विचारलं, "ताई, सकाळी काही केलं होतं का?" मी सांगितलं. ती डोक्याला हात लावून हसली आणि म्हणाली, चूक आमचीच, हे लिहून कळवायला हवं होतं, पण कुणी असं चकाचक होऊन येईल हे आमच्या ध्यानातच आलं नाही. आता उपाय एकच होता. तिचे कण उद्या दुपारपर्यंतच कामाचे होते आणि आमची गाडीही उद्या दुपारचीच. तोवर मी वाफ घ्यायची नाही, थापट्या नाहीत, काही नाही. सगळं छातीत साठू द्यायचं. एवढ्या लांब येऊन रिकाम्या हाताने परत जायची मला फार लाज वाटत होती, म्हणून हो म्हटलं.

संध्याकाळपर्यंत छाती जड झाली. जेवताना उबळ आली तशी मी ताटावरून उठून बाथरूममध्ये पळाले, नळ सोडला. थोड्या वेळाने दारावर टकटक. आत्या बाहेरून म्हणाल्या, "नळ बंद कर बेटा, पाणी फुकट जातंय. आरामात खोक. घरच आहे."

मी नळ बंद केला आणि रडले. एवढी साधी गोष्ट मला आजवर कुणीच म्हटली नव्हती, नितीननेसुद्धा नाही, कारण मी कुणाला म्हणू दिली नव्हती. मग बाहेर येऊन त्यांच्यासमोरच बसून खोकले. आत्यांनी वाढलेली खिचडी गार झाली होती, ती त्यांनी पुन्हा गरम करून दिली.

सकाळी डबी भरली. मृणालने ती दोन्ही हातांनी घेतली. तासाभराने तिने आम्हाला स्क्रीनसमोर बसवलं. माझ्या कफात हिरवे ठिपके, म्हणजे तिचे कण. जुन्या आवरणाचे ठिपके जागच्या जागी थरथरत होते. नव्या आवरणाचेही बरेचसे अडकलेलेच होते. पण काही सरकत होते. एक तर सरळ स्क्रीनच्या बाहेर गेला.

"निघाला बघा," मृणाल म्हणाली. मग लगेच म्हणाली की हा नुसता कफातून निघाला, पेशीत शिरणं आणि तिथे काम करणं अजून बाकी आहे. मी विचारलं, माझ्या हयातीत होईल?

"झूठ नाही बोलणार ताई. माहीत नाही. पण आम्ही इथे बनवलेल्या बनावट कफातून तर सगळेच कण पार होत होते. खरं काय ते तुमच्यामुळे कळलं."

परतीच्या गाडीत मी अख्खा नर्मदेचा पूल संपेपर्यंत दाराशी उभी होते. उपकार कुणाचे मानू तेच कळेना. खरं बोलणाऱ्या त्या पोरीचे, आत्यांचे, की पाठ बडवून हात दुखले तरी एकदाही न कुरकुरलेल्या नितीनचे? तिघांचेही मानते. आणि थोडे या माझ्या छातीचे, जिला मी एवढी वर्षं शिव्याच घातल्या.

नागपूरला आल्यावर पहिल्याच सकाळी बाथरूममध्ये गेले, सवयीने नळावर हात ठेवला आणि काढून घेतला. घरभर ऐकू जाईल असं खोकले. नितीनने बाहेरून विचारलं, "झालं का गं?"

म्हटलं, "थांब, अजून आहे."