गाय म्हणून नोंदलेलं

कार्तिकातला दुसरा रविवार, सकाळ. जागा आमच्या घराची छपरी. हजर: मी, नवरा, सासूबाई आणि शेजारचे भाऊ. भाऊ गावाच्या वनसमितीत आहेत आणि त्यांच्या किराणा दुकानात आधीपासून कॅमेरे आहेत, म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

विषय एकच होता. सासूबाई रोज पहाटे, उजाडायच्या आधी, मागचं दार उघडून गोठ्यात दूध काढायला जातात. गोठ्यामागे काट्याचं कुंपण, कुंपणामागे आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, जाणारी गुरांची वाट, वाटेपलीकडे बोडी, म्हणजे लहान तळं, आणि बोडीच्या पाळीपासून जंगल. त्या आठवड्यात बोडीच्या पाळीवरून जंगलातल्या जनावराने एक कालवड उचलून नेली होती. सासूबाईंनी पहाटे जाऊ नये, हे सांगून झालं होतं. गाय दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही आणि डेअरीची गाडी कुणासाठी थांबत नाही, या दोन उत्तरांवर आमचं बोलणं दर वेळी संपत असे. तेव्हा त्यांनी दार उघडण्याआधी बाहेर काय आहे ते घरात कळलं पाहिजे, एवढंच ठरवायचं होतं.

मी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. लस असो की कॅमेरा, आधी गरजा लिहायच्या आणि मग वस्तू बघायची, ही सवय. गरजा तीन निघाल्या. धोका दिसताच घंटी वाजावी. इंटरनेट गेलं तरी वाजावी, कारण आमच्याकडे वीज गेली की टॉवर जातो आणि टॉवर गेला की सगळंच जातं. तिसरी गरज सासूबाईंनी घातली. आंघोळीची मोरी मागच्या अंगणात आहे, त्यामुळे इथलं चित्र घराबाहेर जाता कामा नये.

कंपनीचे ॲपवाले कॅमेरे दुसऱ्या आणि तिसऱ्या गरजेत बाद झाले. त्यांची चित्रं कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवर जातात आणि तिथून परत आपल्या फोनवर येतात. भाऊंच्या दुकानातली पेटी नुसतीच रेकॉर्ड करते. चोरी झाल्यावर चोर कोण ते सांगते, होताना गप्प बसते. उरला तिसरा मार्ग. नवरा ब्रह्मपुरीच्या कॉलेजात संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. घरच्याच जुन्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकायचं, कॅमेरे त्याला जोडायचे, चित्र घरात, साठा घरात, घंटी घरात. इन्व्हर्टरवर चालेल, हेही त्याने तपासलं होतं.

"म्हंजे पाहणारा बी घरचाच," सासूबाई म्हणाल्या. "मंग लावा."

पहिलं सॉफ्टवेअर जड निघालं. कॉम्प्युटर तापायचा आणि अडकायचा. दुसरं हलकं होतं आणि चित्रात काय आहे ते ओळखून त्यावर नावाची चौकट काढायचं: माणूस, कुत्रा, मांजर, गाय, मोटरसायकल. ते काय काय ओळखतं याची यादी नवऱ्याने मला वाचून दाखवली. त्यात हत्ती होता, अस्वल होतं, झेब्रा होता, जिराफसुद्धा होता. वाघ नव्हता. आम्ही हसलो. भाऊ म्हणाले, जिराफ आला तर समितीला कळवा, मी जातीनं येतो. मग विचार केला की एवढं मोठं जनावर समोर आल्यावर यंत्र त्याला काही ना काही म्हणेलच, आणि काहीही म्हटलं तरी घंटी वाजेल. हा विचार बरोबर होता. दुसरं सॉफ्टवेअर कायम केलं. एक कॅमेरा मागच्या दारावर, दुसरा गोठ्याच्या कोपऱ्यावर, गोठा आणि कुंपण दोन्ही दिसतील असा.

पहिल्या दिवसापासून घंटीने डोकं उठवलं. गावची गुरं आमच्या कुंपणामागून सकाळी आखरावर जातात आणि संध्याकाळी परततात. प्रत्येक शेपटीला घंटी. मोकाट गाई पहाटेपासून वाटेवर उभ्या असायच्या, त्यांचीही घंटी. सासूबाई अंथरुणातून उठून येऊन कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघायच्या: गाय. परत जाऊन टेकायच्या, पुन्हा: गाय.

"हे का लावून ठेवलं तुमी? मले गाय वळखू येत नाई का?"

मग सर्वांच्या मताने गाईची घंटी बंद केली. रेकॉर्डिंग चालू, घंटी बंद. माणूस, कुत्रा, मांजर, अस्वल यांची घंटी तशीच. ज्या घरामागून रोज अख्ख्या गावाची गुरं जातात, त्या घराने हेच केलं असतं. घरात शांतता झाली.

या शांततेने एक गोष्ट बदलली, ती मला तेव्हा चांगली वाटली. आमच्याकडे पहाटे मागचं दार उघडण्याआधी डबा वाजवायची रीत आहे. आतूनच पत्र्याचा रिकामा डबा बडवायचा, खाकरायचं, थोडं थांबायचं आणि मग कडी काढायची. बाहेर जे असेल त्याला निघून जायला वेळ द्यायचा. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून हे करत होत्या. घंटी आल्यावर त्यांनी डबा बंद केला. आम्हीही झोपेतून दचकेनासे झालो. त्या पडद्याकडे बघायच्या, घंटी वाजलेली नसायची, की चपला घालून निघायच्या. "घंटी वाजली नाई म्हंजे काई नाई," असं त्या शेजारणींनाही सांगत.

धान कापून झालं, मळणी झाली. गोठ्यामागे तणशीचा, धानाच्या पेंढ्याचा, नवा ढीग लागला. पौषात आमचा कुत्रा, जो वर्षानुवर्षं गोठ्याच्या दारात झोपायचा, समोरच्या छपरीत येऊन झोपू लागला. थंडीमुळे, असं आम्ही म्हटलं. गाय दूध कमी देऊ लागली. तेही थंडीमुळे. सासूबाई म्हणाल्या की ती पान्हा चोरते, कान मागे लावून उभी राहते. मी तिची सरकीची ढेप बदलायला सांगितलं.

मग एका रविवारी दुपारी डिस्क भरत आल्याची सूचना दिसली. जुनं रेकॉर्डिंग काढून टाकायचं काम माझ्याकडे होतं. सॉफ्टवेअर सगळं नावाप्रमाणे वेगळं ठेवतं, त्यामुळे काम सोपं होतं: गाईचा गठ्ठा आधी पुसायचा. पुसण्याआधी सहज वेळा पाहिल्या. सकाळच्या, संध्याकाळच्या, त्या ठीक. पण गोठ्याच्या कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्यात पहाटेच्याही बऱ्याच होत्या, आणि त्या कुंपणाच्या आतल्या. आमची गाय त्या वेळी दाव्याला असते. बाहेरची गाय काट्यातून आत येत नाही.

एक उघडलं. अंधारातल्या कॅमेऱ्याला रंग नसतात, सगळं राखाडी. तणशीच्या ढिगामागून काहीतरी लांब आणि ठेंगणं बाहेर आलं, ढिगाला अंग घासून वळलं आणि परत मागे जाऊन बसलं. त्याच्याभोवती यंत्राने हिरवी चौकट काढली होती. चौकटीवर लिहिलं होतं: गाय.

मी रेकॉर्डिंग पुढे जाऊ दिलं. मागचं दार उघडलं. सासूबाई बादली घेऊन आल्या, पाठ ढिगाकडे करून गाईजवळ बसल्या. त्यांच्याभोवतीही चौकट आली: माणूस. दूध काढून होईपर्यंत दोन्ही चौकटी पडद्यावर होत्या. सासूबाई उठल्या, कंबरेवर हात ठेवून थोड्या उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. ढिगामागची चौकट हलली नाही.

मी नवऱ्याला हाक मारली, त्याने भाऊंना. भाऊंनी पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं.

"किती दिवसांपासून हाय हे?" त्यांनी विचारलं.

मी बाकीची उघडली. ढीग लागला तेव्हापासून होतं. रोज नाही. पण ज्या पहाटे होतं, त्या प्रत्येक पहाटे सासूबाईही होत्या.

त्यांना दाखवावं की नाही यावर आमचं एकमत होईना. तोवर त्याच मागे येऊन उभ्या होत्या. भाऊंनी खुर्ची दिली. त्या बसल्या आणि शेवटपर्यंत पाहिलं. त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही, आमच्याकडे घरात कुणी घेत नाही.

"गाय सांगत होती मले," त्या म्हणाल्या. "मी यंत्राचं आयकून राह्यली होती."

मग उठून त्यांनी माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला, पदराने पुसला आणि मागच्या दाराशी ठेवला.

त्यानंतर जे करायचं ते केलं. वनविभागाला कळवलं. माणसं येऊन ठसे बघून गेली, आमच्या कॅमेऱ्याच्या बाजूला आपलाही एक बांधून गेली. तणशीचा ढीग उचलून समोर नेला. ढिगामागे कुंपणात सापडलेली फट बुजवली, त्या वेळी भाऊंसोबत समितीची माणसं काठ्या घेऊन उभी होती. गाईची घंटी परत चालू केली. डेअरीचं दूध तूर्त बंद, सासूबाई उजाडल्यावर काढतात, वासराला आणि घराला पुरतं.

एक काम उरलं आहे. हे सॉफ्टवेअर शिकवता येतं. आपल्याच अंगणातली चित्रं दाखवून त्याला नवं नाव सांगायचं, म्हणजे पुढच्या वेळी ते गाय म्हणणार नाही. नवऱ्याने सगळी तयारी करून ठेवली आहे. पण चित्रं वेगवेगळी लागतात: उभं असलेलं, चालणारं, उजेडातलं, जवळून, समोरून. आमच्याकडची सगळी एकसारखी आहेत, ढिगामागे बसलेली, अर्धी झाकलेली. दुसरीकडची चित्रं चालत नाहीत, नवऱ्याने करून पाहिलं, आमच्या कॅमेऱ्याच्या राखाडी अंधारात यंत्र पुन्हा चुकतं.

ढीग हलवल्यापासून नवं एकही चित्र मिळालेलं नाही. वनविभागाची माणसं म्हणतात, गेलं असेल. कुत्रा अजून छपरीतच झोपतो. घंटी वाजली की मी उठते, पडद्यावर गाय लिहिलेलं असतं, आणि ती गायच आहे ना ते चौकटीच्या आत डोळे लावून बघते. यंत्राला शिकवायचं काम बाकी आहे. त्यासाठी त्या जनावराला आणखी काही वेळा यावं लागेल.