ड्रायव्हरच्या बाजूचं चाक

मी रत्नागिरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मशीनने दिलेला आकडा पटला नाही तर मी तोच नमुना पुन्हा लावते. दोनदा तोच आकडा आला तरच विश्वास. त्यामुळे भूतखेत, शकुन, कुणाचं काही दिसणं... असल्या गोष्टी ऐकल्या की मी सरळ विषय बदलायचे. आजही कुणी सांगायला लागलं तर कदाचित बदलेन. पण हे माझ्याच बाबतीत घडलं, आणि मी दोनदा नाही, वीस वेळा तपासून बघितलं. म्हणून लिहिते आहे.

माझा नवरा मंदार मर्चंट नेव्हीत इंजिनियर. चार-पाच महिने बोटीवर, मग दोन-तीन महिने घरी. घरी आला की त्याला एकच वेड — गाडी. आमची पांढरी हॅचबॅक. गेल्या सुट्टीत त्याने बाहेरून लोअरिंग स्प्रिंग मागवल्या आणि मिरजोळ्याच्या एमआयडीसीत अनंता मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये बसवून घेतल्या. गाडी चांगली दोन बोटं खाली आली. दिसायला झोकदार, पण आमच्या नाचणे रोडवरच्या प्रत्येक गतिरोधकावर पोट घासायची. मी म्हटलं, "अरे, लोक रस्ता खराब म्हणून गाडी उंच करतात, तू खाली कसली करतोस?" त्यावर तो नुसता हसला.

जाताना मला काम लावून गेला. "नव्या स्प्रिंग थोड्या बसतात. दर रविवारी चारही चाकांवर बोटं घालून बघ. टायर आणि वरची कमान यांच्यामध्ये तीन बोटं आडवी जायला पाहिजेत. फोटो पाठव." मीही पाठवायचे. आठ रविवार, चारही चाकं, प्रत्येकी तीन बोटं. एक मिलिमीटरचा फरक नाही.

नवव्या आठवड्यातल्या सोमवारी त्याचा मेसेज आला — उद्या पहाटेपासून बोटीवरची टाकी साफ करायचं काम आहे, नेट मिळेल असं वाटत नाही, काळजी करू नको.

मंगळवारी सकाळी विळीवर नारळ खवताना माझं बोट कापलं. पट्टी बांधली आणि साडेसातला लॅबला जायला खाली आले. माझी स्कूटर गाडीच्या शेजारीच असते. स्कूटर काढताना नजर गेली... गाडी वाकडी दिसत होती. ड्रायव्हरच्या बाजूने पुढून खाली बसलेली. मी वाकून बोटं घातली. तीन सोडा, एक बोटही धड जाईना. मागचं डावं चाक बघितलं तर तिथे दोनच बोटं. बाकीची दोन चाकं व्यवस्थित. सवयीने फोटो काढले.

स्प्रिंग तुटली असणार, दुसरं काय? मेस्त्रींना फोन केला. ते दुपारी आले. साठीचे, कमी बोलणारे, हाताने गाडी ओळखणारे गृहस्थ. जॅक लावून चाक उचललं, टॉर्च मारली. स्प्रिंग अखंड, शॉकअप कोरडा, सगळं जागच्या जागी. जॅक काढला... आणि गाडी हळूहळू पुन्हा तेवढीच खाली बसली.

"वैनी, ह्या स्प्रिंग कंपनीच्या स्प्रिंगपेक्षा कडक असतात," मेस्त्री म्हणाले. "मी आत बसलो तर कळेल न कळेल एवढीच बसंल. इतकी बसायला एकट्या ड्रायव्हरच्या जागेवर दोन-तीन माणसं हवीत."

ते दाखवायला त्यांनी दार उघडलं, सीटवर बसले आणि चटका बसल्यासारखे बाहेर आले.

"आता कोण बसलं होतं हितं?"

"कुणी नाही. दोन दिवस गाडी उघडलेली नाही."

"सीट गरम हाय."

मी हात लावला. खरंच होती. ऊन तिथे येत नाही, बिल्डिंगच्या खालचं पार्किंग आहे. इंजिन गार, बॉनेट गार. शेजारची सीटही गार. ड्रायव्हरची सीट मात्र माणूस नुकता उठल्यासारखी उबदार.

मेस्त्री म्हणाले, उद्या सामान घेऊन येतो, तोवर गाडी हलवू नका. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "काय गो, मेस्त्री कशाला आलेला?" मी म्हटलं, बॅटरी बघायला. रात्रभर मंदारला मेसेज टाकत राहिले. एकही पोचला नाही. त्याने आधीच सांगितलं होतं नेट नसेल म्हणून, तरी दर थोड्या वेळाने फोन उघडून बघत होते.

बुधवारी उजाडताच खाली गेले. मागचं डावं चाक ठीक झालं होतं. तिथे आता पूर्ण तीन बोटं. पुढचं मात्र होतं तसंच.

मेस्त्री नऊला आले. त्यांनी पुढच्या दोन्ही स्प्रिंग काढल्या, जमिनीवर शेजारी-शेजारी उभ्या केल्या. उंची सारखी. मग उजवीकडची डावीकडे, डावीकडची उजवीकडे बसवली. दोष स्प्रिंगमध्ये असेल तर आता डावी बाजू बसायला हवी होती. गाडी खाली सोडली. बसली ती ड्रायव्हरचीच बाजू.

मेस्त्रींनी हात पुसले. मग म्हणाले, "वैनी, साहेबांचा फोन आलता काय?"

त्यांनी नेमकं तेच का विचारलं, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही.

अकराच्या सुमाराला मुंबईच्या ऑफिसमधून फोन आला. टाकीत उतरलेल्या दोन माणसांना आतल्या खराब हवेने त्रास झाला, दोघांनाही बेशुद्ध बाहेर काढलं, जवळच्या बंदरात हॉस्पिटलमध्ये हलवलं आहे, मंदार त्यातला एक. "मॅडम, ट्रीटमेंट चालू आहे. कळलं की कळवतो." दुसरा कोण, कसा आहे, काही सांगितलं नाही. मला विचारायचंही सुचलं नाही.

आता सासूबाईंना सांगणं भागच होतं. त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि तिथेच बसून राहिल्या. माझी मात्र वरखाली ये-जा सुरू झाली. दर तासाला खाली जायचं, बोटं घालायची, वर यायचं. काय शोधत होते कुणास ठाऊक. ते चाक खाली आहे, एवढंच माझ्या हातात होतं. आणि लाज वाटते सांगायला, पण त्याचा मला आधार वाटायला लागला होता.

गुरुवारी चारच्या सुमाराला मी चाकाजवळ उकिडवी बसले होते. हात कमानीवर. एकदम 'टक्' असा आवाज झाला आणि माझ्या हाताखालची गाडी वर आली. सावकाश नाही — आत बसलेला जड माणूस झटक्यात उतरल्यावर येते तशी. एकदा किंचित हिंदकळली आणि स्थिर झाली. मी बोटं घातली. तीन.

दार बंदच होतं. आत कुणी नाही. काच उतरवलेली नाही.

मला वाटलं... तो गेला. दुसरं काही मनात आलंच नाही. उतरला म्हणजे गेला. मी तिथेच फरशीवर बसले. ऑफिसला फोन लावला, कुणी उचलेना. पुन्हा लावला, "लाइनवर रहा" म्हणाले आणि कट झाला. वर जाऊन सासूबाईंना काय सांगू? कशाच्या जोरावर सांगू, गाडी वर आली म्हणून? ते दोन तास मी कसे काढले ते लिहिता येणार नाही.

सहाला फोन वाजला. "मॅडम, गुड न्यूज. साहेबांनी डोळे उघडले. दोनेक तास झाले असतील."

मंदार तीन आठवड्यांनी घरी आला. वाळलेला, बोलता बोलता धाप लागणारा. मी त्याला गाडीचं काही सांगितलं नव्हतं. मेस्त्रींनाही सांगू नका म्हटलं होतं. आठवडाभराने चहा पिताना तो आपणहून म्हणाला, "तुला एक सांगू? हसू नको. मी हॉस्पिटलमध्ये नव्हतोच. मी आपल्या पार्किंगमध्ये होतो. गाडीत."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"चावी नव्हती. दार उघडत नव्हतं. तू सारखी यायचीस, चाकाजवळ वाकायचीस. मी काच ठोकत होतो, हाका मारत होतो, तू बघतच नव्हतीस. तुझ्या बोटाला पट्टी होती. एकदा मेस्त्री आत आला नि लगेच बाहेर गेला."

बोटं घालून बघायला त्यानेच सांगितलं होतं, ते त्याच्या डोक्यात असणार — असं मी स्वतःला समजावलं असतं. पण बोट मी मंगळवारी कापलं. त्याला कुणीही सांगितलेलं नव्हतं. मेस्त्रींचंही नाही.

"एकटाच होतास?" मी विचारलं.

"दीपक होता. मागे, डाव्या बाजूला."

दीपक त्याच बोटीवरचा फिटर, खेडजवळच्या एका गावचा. टाकीतून बाहेर काढलेला दुसरा माणूस तोच. तो बुधवारी पहाटे वारला होता.

"पहिल्या दिवशी आम्ही बोलत होतो," मंदार म्हणाला. "मग तो म्हणाला, 'दादा, माझा फाटा आला. मी उतरतो, तुम्ही बसून रहा.' त्याच्या बाजूचं दार उघडलं. मीही सरकलो तर म्हणाला, 'तुमचा नाही हा.'"

मी मंदारला सगळं सांगितलं. मोबाईलमधले फोटो दाखवले. मंगळवारचे, बुधवारचे. मागचं डावं चाक — दोन बोटं, तीन बोटं. त्याने एकदा बघितले आणि पुन्हा बघायला नकार दिला.

महिन्याभराने आम्ही खेडजवळ दीपकच्या घरी गेलो. गाडी मी चालवली, मंदार अजून स्टीअरिंगला हात लावत नव्हता. हे दीपकच्या बायकोला, अक्षताला, सांगायचं की नाही यावर वाटभर वाद झाला. मी म्हणत होते, नको. तिच्या दुःखात आपली गोष्ट कशाला? मंदार म्हणाला, शेवटचं बोलणं त्याचं आहे, ते माझ्याकडे ठेवून घेणारा मी कोण?

त्याने सांगितलं. अक्षता मान खाली घालून ऐकत होती. रडली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "दादा, मागं कुठच्या बाजूला?"

मंदारने सांगितलं. ती उठली, अंगणात गेली, गाडीचं मागचं डावं दार उघडून आत बसली आणि दार ओढून घेतलं. आम्ही बाहेर उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं... मग काच खाली झाली.

"वैनी, फाट्यापर्यंत सोडाल?"

दीड-दोन किलोमीटर असेल. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता, ती खिडकीबाहेर बघत होती. फाट्यावर एक निवारा शेड आणि एक टपरी. मी थांबवली.

"हितंच उतरायचे," ती म्हणाली. "सुट्टीवर आले की. रिक्षा नाय करायचे, चालत यायचे घरापर्यंत."

मी म्हटलं, बस, परत सोडते. ती नको म्हणाली. उतरली, पदर नीट केला आणि गावाच्या रस्त्याने चालायला लागली. रस्त्याच्या कडेने — दुसऱ्या कुणाला शेजारी जागा ठेवावी तशी. की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही.

स्प्रिंग आम्ही काढून टाकल्या. मेस्त्रींनी त्या ओळखीच्या एका इंजिनियरकडून तपासून घेतल्या, काही दोष नाही. डॉक्टर म्हणतात, ऑक्सिजन कमी पडला की मेंदू काहीही दाखवतो. असेल. मंदारच्या मेंदूने दाखवलं असेल. पण माझ्या हाताखाली गाडी वर आली तेव्हा माझ्या मेंदूला कसली कमी होती? कुणाकडे उत्तर असेल तर खरंच सांगा.