वर मिळालेलं साउंड कार्ड

खरेदी झाल्यावर ‘वर काय देतोस?’ असं विचारल्याशिवाय मी आजवर एकाही दुकानाची पायरी उतरलेलो नाही. भाजीवाल्याकडून कोथिंबीर, कापडवाल्याकडून अस्तर. उल्हासनगरात कॉम्प्युटर घेतला तेव्हाही भाव ठरल्यावर विचारलं. सिंधी दुकानदारानं कपाळावर हात मारला, मागच्या फळीवरून एक जुनं साउंड कार्ड काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि कॅबिनेटमध्ये बसवून दिलं. ना खोकं, ना माहितीचं पुस्तक. मी खूश.

कॉम्प्युटर धंद्यासाठी होता. अंबरनाथच्या कारखान्यांना मी पुठ्ठ्याची खोकी पुरवायचो. मालाबरोबर जाणारं चलन प्रिंटरवर छापलेलं असलं की कंपनीतले साहेब जरा सरळ बोलतात, हे मी हेरलं होतं. आवाजाचं काम कधी पडलंच नाही.

कॉम्प्युटर घ्यायच्या आदल्या वर्षी मुलीनं लग्न केलं. मुलगा बदलापूरचा. मी नाही म्हटलं. माझं बोलणं ‘नाही’पासूनच सुरू होतं, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. माझ्या घरात वाढलेल्या पोरीनं मात्र ते खरं धरलं. रजिस्टर लग्न करून ती नवऱ्याबरोबर मस्कतला गेली. पुन्हा एकदा विचारायलासुद्धा आली नाही. तिचा फोन आला की मी रिसीव्हर ठेवून द्यायचो. पुढे फोन यायचे थांबले.

एका दुपारी बायको बदलापूरहून, मुलीच्या सासरहून आली आणि पर्समधली फ्लॉपी माझ्यासमोर ठेवली.

“तिचा आवाज आहे यात. जावयांनी भरून पाठवलाय. त्यांच्या आईकडे कॉम्प्युटर नाही.”

“बूथवर जाऊन फोन कर की तिला.”

“बूथवर नाही. मला माझ्या घरात ऐकायचाय.”

एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी राग आलाच नाही. दात काढायच्या आधी सुई देतात, तसं सगळं बधिर होतं. बाजारातून स्पीकर आणून जोडले, फ्लॉपी घातली. स्पीकरमधून आलं, “आ-आ-आ-आ-आ...” थांबेचना.

बायकोनं तोंडाला पदर लावला. “रडतेय हो ती.”

“रडत नाही. मशीन अडकलंय.”

पडद्यावर कार्डाच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह होतं. दुकानदाराला फोन लावला.

“भाऊ, तुझा प्रिंटर सात नंबरवर, कार्डपण सात नंबरवर. दोघं एकाच नंबरवरून हाक मारतात, मशीन किसका सुनेगा? कार्ड बाहेर काढ. उसपे छोटी टोपी है. सातवरची उचल, पाचवर लाव.”

कॅबिनेट उघडलं, कार्ड उपसलं. पाच नंबरच्या दोन्ही काड्या मुळापासून मोडलेल्या. टोपी बसवायची कशावर? पुन्हा फोन लावला.

“मोडका माल गळ्यात मारलास?”

“साईं, गळ्यात कुठं मारला? तूच मागितला. कोथिंबीर सडकी निघाली म्हणून कोणी बटाटे परत करतो काय?”

  मग तोच म्हणाला, “प्रिंटरचा पोर्ट बंद कर. आवाज येईल. छपाई नाही होणार.”

“उद्या माल जायचाय,” मी बायकोला म्हणालो. “आधी चलनं छापतो, मग ऐक.”

 ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभीच राहिली. मी कार्ड परत बसवलं, मशीन सुरू होताना सेटअपमध्ये शिरलो आणि प्रिंटरचा पोर्ट बंद केला.

“आई, ऐकू येतंय ना? येत असेल तर मशीन बाबांनीच लावून दिलं असणार. इथं उकडतं फार. कढीपत्ता मिळतो, पण वाळका. भात आता मऊ होतो माझा. आई, गुडघ्याला तेल लावतेस का? हे म्हणतायत, जागा संपत आली, आता—”

आवाज तिचाच होता, पण पत्र्याच्या डब्यातून यावा तसा बारीक.

“पुन्हा लावा.”

पुन्हा लावलं. हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी छातीत काही होतंय का याची वाट पाहत उभा होतो. काही झालं नाही. ‘बाबांनीच’ हा शब्द आला की माझं लक्ष पंख्याकडे जात होतं.

“ऐकलंत ना, काय म्हणाली?”

“ऐकलं. आता प्रिंटर चालू करतो.”

“चलनं हातानं लिहा,” ती म्हणाली.

या सुरात माझ्याशी कोणी बोलत नाही. कुठली कळ दाबायची ते मी तिला दाखवलं. मग जुनं चलनबुक काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलो, कार्बन घातला आणि कंपनीचं नाव लिहायला घेतलं. तिनं कळ दाबली.

“आई, ऐकू येतंय ना?”

“येतंय गं,” बायको म्हणाली.