पाल नसलेली खोली

"लिम्फोमा," डॉक्टर म्हणाले. मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून पुन्हा म्हणाले, "रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. मानेतल्या गाठी त्याच्याच आहेत."

माझे यजमान शर्टाचं वरचं बटण सोडून बसले होते. गाठ कॉलरला घासायची. त्यांनी विचारलं, "साहेब, शनिवारपर्यंत सोडाल ना? बंगल्यावर पाहुने हायत." मला आधी हसू आलं आणि लगेच रडू.

डॉक्टरांनी कामाचं विचारलं. काशीदजवळच्या बंगल्याची राखण, बागकाम, फवारणी, असं यांनी सांगितलं.

"फवारताना तोंडाला काय बांधता?"

"रुमाल."

"औषधाचे डबे कुठे असतात?"

"खाटेखाली. मालकांना बंगल्यात वास नको."

"कुणाच्या खाटेखाली?"

यांनी माझ्याकडे बघितलं. "आमच्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

बंगला भाड्याने जायचा. मुंगी दिसली तरी पाहुणे तक्रार करायचे, म्हणून ते यायच्या आदल्या दिवशी हे पाठीवर पंप घेऊन बागभर फिरायचे. उरलेलं आमच्या खोलीच्या कोपऱ्यांतही मारायचे. फुकटचं कोण सोडतं! यांच्या घामाला, उशीला, कधीकधी भातालासुद्धा एक गोडसर वास यायचा. नंतर तो येईनासा झाला. म्हणजे वास होताच, आम्हालाच कळेनासा झाला होता.

मी मात्र खूश होते. मला पालीची भारी भीती. लग्नानंतर पहिल्यांदाच मी वर न बघता झोपत होते. सासूबाई दिवाळीला राहायला आल्या तेव्हा दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "गो, तुमच्या घरात पाल न्हाय."

"बरंच आहे की," मी म्हटलं.

"बरं न्हाय. मानूस खरं बोललं की पाल चुकचुकते. हितं खऱ्याला साक्षीदारच न्हाय. जिथं पाल र्‍हात न्हाय, तिथं मानसानं र्‍हाऊ नये."

भाऊबीज व्हायच्या आत त्या गावी निघून गेल्या. आम्ही दोघं मागे हसलो. पुढच्या पावसाळ्यात बागेतल्या तळ्याकाठी एकही बेडूक ओरडला नाही, दिव्याभोवती एक पाखरू फिरलं नाही. पाहुणे म्हणायचे, "किती शांत आहे इथे!"

मुंबईच्या हॉस्पिटलात बायोप्सी आधीच झाली होती, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला होता; डॉक्टर बोलले ते त्यावरूनच. मग पेट स्कॅन, म्हणजे रोग अंगात कुठवर पोचलाय त्याचं चित्र. त्यात यांच्या छातीत आणि काखेतही ठिपके चमकत होते. त्या दिवशी बाहेर बाकावर मी बिस्किटाचा पुडा उघडून ठेवला, आणि थोड्या वेळाने पाहिलं तर त्यावर मुंग्या. मी बघतच राहिले. शेवटची मुंगी कधी पाहिली होती, ते काही केल्या आठवेना. एवढी वर्षं आम्ही दोघंच त्या खोलीत जिवंत होतो.

"फवारणीमुळेच झालं का?" मी डॉक्टरांना सरळच विचारलं.

"यांच्या बाबतीत छातीठोकपणे नाही सांगता येणार," ते म्हणाले. "पण वर्षानुवर्षं अशा औषधांत वावरणाऱ्यांना रक्ताच्या काही कॅन्सरचा धोका जास्त दिसतो. यापुढे हात लावायचा नाही."

केमोथेरपी, म्हणजे सलाईनमधून कॅन्सरचं औषध, सुरू झाली. केस गेले, तोंड आलं, पेज उतरेना. दोन केमोंच्या मधल्या दिवसांत आम्ही गावी, सासूबाईंकडे राहायचो. मी देवाला आणि नर्सबाईंना सारखेच हात जोडत होते. शेवटच्या स्कॅनमध्ये एकही ठिपका चमकला नाही. डॉक्टर म्हणाले, "रोग आटोक्यात आहे. तपासायला मात्र येत राहा." मी त्यांच्यासमोरच रडले.

गावी परतलो आणि मालकांचा फोन आला. खोली तशीच ठेवलीये, पगार वाढवतो, या. यांचा चेहरा खुलला.

"जाऊया ना?" हे म्हणाले. "डॉक्टर तरी कुठं नक्की बोलले?"

मी बोलले. "त्या खोलीत परत गेलात तर तुम्ही वाचनार न्हाय."

डोक्यावर, कौलांखालच्या वाशावर पाल चुकचुकली.

सासूबाईंनी जमिनीवर बोट आपटलं. "कृष्ण, कृष्ण." यांनी फोन खाली ठेवला. खोलीची चावी नंतर बसने जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर मालकांना पाठवून दिली.

तुमच्या घरात फवारणीचे डबे असतील तर आज बाहेर काढा. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका, यांची कधीच दुखली नव्हती.

पाल मला अजूनही बघवत नाही. पण संध्याकाळी दिवा लावला की ती भिंतीवर आहे ना, ते आधी बघते, आणि मग डोक्यावर पदर घेऊन तिच्या खालून आत जाते.